पाचशे तबकड्या आणि पायाखालचा खर्ज : शेफील्डचे वॉर्प लेबल आणि यॉर्कशायरचे सुरुवातीचे टेक्नो

इंग्लंडच्या उत्तरेकडील यॉर्कशायर या प्रांतातल्या शेफील्ड शहरात १९८९ साली एका ध्वनिमुद्रिकेच्या ५०० प्रती छापल्या गेल्या. तबकडी बारा इंची होती आणि तिच्यावरील रचनेचे नाव ‘ट्रॅक विथ नो नेम’, म्हणजे ‘नाव नसलेली रचना’, असे होते. ती करणाऱ्या रॉबर्ट गॉर्डन, विन्स्टन हेझल आणि शॉन माहेर या तिघांनी ‘फोर्जमास्टर्स’ हे नाव घेतले होते, आणि ते शहरातील एका मोठ्या पोलाद कारखान्याच्या नावावरून आले होते. छपाईचा खर्च बेरोजगारांना मिळणाऱ्या एका सरकारी अनुदानातून भागला आणि प्रती उसन्या गाडीत घालून दुकानोदुकानी पोचवण्यात आल्या. तबकडीवर ‘डब्ल्यूएपी १’ असा क्रमांक होता. वॉर्प या लेबलचे हे पहिले प्रकाशन. पुढच्या दहा-बारा वर्षांत हेच लेबल जगभरच्या इलेक्ट्रॉनिक संगीतातील सर्वांत आदरणीय नावांपैकी एक झाले.

एखाद्या शहरातून नवे संगीत कसे उगवते, याचे उत्तर बहुधा एका वाक्यात दिले जाते. शेफील्डच्या बाबतीत ते वाक्य ठरलेले आहे : हे पोलादाचे शहर, रात्रंदिवस घण पडत असत, म्हणून तेथील संगीतही यंत्रांचे झाले. हे उत्तर ऐकायला चांगले वाटते आणि त्यात थोडे तथ्यही आहे. परंतु माझ्या मते त्याने खरी गोष्ट झाकली जाते. त्या आवाजाचा पाया पोलादापेक्षा कॅरिबियन बेटांवरून यॉर्कशायरमध्ये येऊन राहिलेल्या कुटुंबांच्या ध्वनिक्षेपकांवर अधिक उभा होता. ते नीट समजण्यासाठी आधी लेबल म्हणजे काय, टेक्नो म्हणजे काय आणि तबकडीवर खर्ज कसा कोरला जातो, या तीन गोष्टी पाहाव्या लागतील.

लेबल हा शब्द तबकडीच्या मध्यभागी चिकटवलेल्या गोल कागदावरून आला. आपल्या घरांत त्या कागदावर एचएमव्हीचा कुत्रा असे, आणि तो कागद पाहूनच ही ध्वनिमुद्रिका कोणत्या कंपनीची हे कळे. कंपनी गायकाचा शोध घेते, ध्वनिमुद्रणाचा खर्च करते, तबकड्या छापते, दुकानांत पाठवते, जाहिरात करते आणि विक्रीतून कलावंताला वाटा देते. मोठ्या कंपनीकडे ही सगळी कामे करणारे स्वतंत्र विभाग असतात. स्वतंत्र लेबल म्हणजे हीच साखळी मोठ्या कंपनीच्या मालकीबाहेर राहून दोन-तीन माणसांनी ओढायची. तबकडी छापणारा कारखाना भाड्याने काम करतो, वितरण दुसरी कंपनी करते, आणि लेबल चालवणाऱ्यांकडे मुख्यतः एकच गोष्ट उरते : काय छापायचे आणि काय नाही, हा निर्णय. हा निर्णय चांगला होण्यासाठी त्या संगीतावर लोक कसे नाचतात हे रोज पाहावे लागते, आणि शेफील्डमध्ये ते पाहण्याची सोय फार चांगली होती.

टेक्नो हे संगीत मूळचे अमेरिकेतील डेट्रॉइट शहराचे. त्या शहराजवळच्या बेलव्हिल या गावी एकाच शाळेत शिकलेल्या हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन साँडरसन या तीन कृष्णवर्णीय तरुणांनी १९८० च्या दशकात ते घडवले. जर्मनीच्या क्राफ्टवेर्क या गटाचे काटेकोर यांत्रिक संगीत आणि अमेरिकन फंकची लवचीक लय या दोन्हींवर त्यांचे सारखेच प्रेम होते. अ‍ॅटकिन्स याने १९८५ मध्ये मेट्रोप्लेक्स हे स्वतःचे लेबल काढले. इतर दोघांनीही आपापली लेबले काढली. १९८८ मध्ये बर्मिंगहॅमच्या नील रश्टन याने या मंडळींच्या रचनांचा एक संग्रह ब्रिटनमध्ये प्रसिद्ध करवला, आणि ‘टेक्नो’ हे नाव त्या संग्रहामुळे पक्के झाले. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने त्याचे लक्षण सोपे आहे : चार मात्रांचा अखंड ठोका, गाण्याचा अभाव किंवा एखाद-दुसरा तुटक शब्द, आणि कळफलकाच्या व तालयंत्रांच्या आवाजांची हळूहळू बदलत जाणारी आवर्तने. लयीत फरक पडत नाही. पोत बदलत राहतो, आणि ऐकणाऱ्याचे लक्ष त्या पोतावर राहते.

ही यंत्रे जपानी होती. रोलँड कंपनीचे टीआर-८०८ हे तालयंत्र १९८० मध्ये आले आणि सुमारे १२,००० नग तयार झाल्यावर त्याचे उत्पादन थांबले. खऱ्या ढोलाचा आवाज हवा असणाऱ्या वादकांना ते पसंत पडले नव्हते. त्यामुळे ते जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागले आणि ज्यांच्या खिशात फार पैसे नव्हते अशा मुलांच्या हाती पडले. येथे आपल्या मुंबईची आठवण काढली पाहिजे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये याच तालयंत्रावर आणि त्याच कंपनीच्या टीबी-३०३ या यंत्रावर दहा राग डिस्कोच्या ठोक्यात बसवून ध्वनिमुद्रित केले होते. ती ध्वनिमुद्रिका त्या वेळी फारशी कोणाच्या कानी गेली नाही आणि २०१० मध्ये हॉलंडमधून पुन्हा प्रसिद्ध झाली तेव्हा जगाने आश्चर्य व्यक्त केले. शेफील्डच्या मंडळींशी तिचा संबंध नव्हता. मात्र यंत्र एकच असले तरी ते कोणत्या कानाच्या माणसाच्या हाती पडते यावर संगीत ठरते, हे या उदाहरणावरून फार स्पष्ट दिसते.

यॉर्कशायरच्या कानांनी या यंत्रांतून जे काढले त्याला पुढे ‘ब्लीप’ किंवा ‘ब्लीप अँड बेस’ असे नाव पडले. ब्लीप म्हणजे दवाखान्यातील यंत्र टिकटिकते तसा, कोणताही अलंकार नसलेला, स्वच्छ, उंच आणि आखूड स्वर. बेस म्हणजे आपल्या भाषेत खर्ज, पण आपण गाण्यात म्हणतो त्याहून बराच खालचा. हार्मोनियमच्या मधल्या सप्तकात पांढरी एक दाबली की सेकंदाला सुमारे २६२ कंपने होतात. तेथून दोन सप्तके खाली उतरले की ६५ कंपने, आणि आणखी एक सप्तक उतरले की जेमतेम ३३. माणसाच्या कानाची खालची मर्यादा साधारण २० कंपनांची आहे, म्हणजे हा स्वर ऐकू येण्याच्या उंबरठ्यावर असतो आणि पुरेशा जोराने वाजवला तर कानाइतकाच छातीला आणि पायांच्या तळव्यांना जाणवतो. महाराष्ट्रातील मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीजवळून गेलेल्या कोणालाही हा अनुभव समजावून सांगण्याची गरज नाही. ५० कंपनांच्या लहरीची लांबी हवेत जवळपास सात मीटर असते, आणि एवढी मोठी लहर हलवायला मोठे शंकू आणि पुष्कळ शक्ती लागते. घरच्या छोट्या रेडिओवर ती उमटतच नाही. त्यामुळे ब्लीपची एखादी तबकडी घरी लावली तर अर्धी रचना गायब झालेली असते आणि फक्त वरचे टिकटिक उरते.

ढोल-ताशाचे पथक आठवले तर या संगीताची रचना लवकर ध्यानात येते. ताशाची तडतड वरच्या पट्टीत असते, ढोलाची घुमार खाली असते, आणि सनई किंवा झांज काढून टाकली तर मधला पट्टा रिकामा राहतो. ब्लीपमध्ये हा मधला पट्टा मुद्दाम मोकळा सोडलेला असे. डेट्रॉइटच्या रचनांमध्ये या मधल्या जागेत तंतुवाद्यांसारखे भरदार स्वरसमूह असत आणि त्यांतून एक प्रकारची हुरहूर येई. यॉर्कशायरच्या मंडळींनी ते बहुतेक काढले. उरली ती वर दोन-तीन स्वरांची ठिणगी, खाली जमिनीसारखा खर्ज, आणि मध्ये पोकळी. ही पोकळीच मला या संगीतातील सर्वांत धाडसी गोष्ट वाटते, कारण नवख्या माणसाचा हात रिकामी जागा दिसली की ती भरायला जातो.

ही सवय त्यांना कोठून लागली? येथे जमैकाकडे वळावे लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ पासून, कॅरिबियन बेटांवरून अनेक कुटुंबे ब्रिटनमध्ये कामासाठी आली आणि लीड्स, ब्रॅडफर्ड, शेफील्ड या यॉर्कशायरच्या शहरांतही स्थायिक झाली. त्यांनी आपल्याबरोबर ‘साउंड सिस्टिम’ची परंपरा आणली. हा शब्द केवळ यंत्रसामग्रीचा नाही. साउंड सिस्टिम म्हणजे स्वतः सुतारकाम करून बनवलेल्या ध्वनिक्षेपकांची रास, ते वाहून नेणारी व जोडणारी माणसे, तबकड्या निवडणारा, ध्वनिवर्धकावर बोलणारा आणि या सगळ्यांचे मिळून एक नाव, जसे आपल्याकडे एखाद्या पथकाचे असते. दोन साउंड सिस्टिम समोरासमोर येत आणि कोणाचा खर्ज जास्त खोल व स्वच्छ यावर सामना होई. अनेक क्लबांच्या दारातून कृष्णवर्णीय तरुणांना परत पाठवले जात असे, म्हणून तळघरांत आणि रिकाम्या घरांत पहाटेपर्यंत चालणाऱ्या खासगी मैफलींची प्रथा पडली, आणि लीड्समधील चॅपलटाउन ही वस्ती त्यासाठी प्रसिद्ध होती.

जमैकाच्या याच परंपरेतून डब नावाचा प्रकार निघाला होता. ध्वनिमुद्रण करणारा अभियंता तयार गाण्यातून आवाज आणि वाद्ये एकेक करून काढून टाकी, ढोल व खर्ज तेवढे ठेवी आणि उरलेल्या तुकड्यांना प्रतिध्वनीत सोडून देई. म्हणजे गाणे करून झाल्यावर त्यातून काय वगळायचे हीच येथे कला. यॉर्कशायरमधील तरुण पिढी लहानपणापासून हे ऐकत वाढली. तीच पिढी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात ब्रेकडान्स आणि हिप-हॉपमध्ये रमली, आणि दशकाच्या शेवटी शिकागो व डेट्रॉइटच्या तबकड्या हाती आल्या तेव्हा तिने त्या डबच्या कानांनी ऐकल्या. ब्रॅडफर्डच्या युनिक ३ या गटाने १९८८ मध्ये ‘द थीम’ ही रचना काढली, आणि ब्लीपची सुरुवात बहुधा तेथून मोजली जाते. लीड्समध्ये इटल रॉकर्स हे नाव होते, आणि ते तर थेट रेगे या जमैकन संगीताच्या साउंड सिस्टिममधूनच आलेले होते. म्हणजे वॉर्पची पहिली तबकडी छापली जाण्यापूर्वीच या भागाला स्वतःचा आवाज सापडला होता. लेबलने तो निर्माण केला नाही. ते त्या आवाजापर्यंत वेळेवर पोचले.

आता पोलादाचा वाटा किती, हे पाहू. १९७३ मध्ये स्थापन झालेला कॅबरे व्हॉल्टेअर आणि १९७७ चा ह्युमन लीग हे शेफील्डचे गट इलेक्ट्रॉनिक संगीतातील आद्य नावांत मोडतात, आणि त्या शहरातील अनेक संगीतकारांनी कारखान्यांच्या घणांचे आवाज लहानपणी ऐकल्याचे सांगितले आहे. ते खोटे मानण्याचे कारण नाही. परंतु पोलादाचा अधिक ठोस परिणाम वेगळ्या मार्गाने झाला. १९८० च्या देशव्यापी पोलाद संपानंतर कारखाने झपाट्याने बंद होत गेले, हजारो कुटुंबांची मिळकत तुटली आणि शहराच्या मध्यभागी छोट्या कार्यशाळांच्या इमारती रिकाम्या पडल्या. भाडे स्वस्त झाले, तरुणांकडे काम नव्हते, आणि ज्या मार्गाने वडील व आजोबा गेले तो कारखान्याचा मार्ग पुढच्या पिढीला बंद झाला. संगीताला लागणारी जागा आणि वेळ या दोन्ही गोष्टी अशा रीतीने, फार मोठी किंमत मोजून, उपलब्ध झाल्या. ती किंमत संगीतकारांनी एकट्यांनी मोजली नव्हती, हे विसरता कामा नये.

त्या वेळी सरकारची ‘एंटरप्राइझ अलाउन्स’ नावाची योजना होती. स्वतःचा व्यवसाय सुरू करणाऱ्या बेरोजगार व्यक्तीला आठवड्याला ४० पौंड, एक वर्षभर मिळत, मात्र तिच्याकडे स्वतःचे १,००० पौंड भांडवल असल्याचे दाखवावे लागे. बेरोजगारीचा आकडा कमी दिसावा हाही या योजनेमागचा एक हेतू असल्याची टीका तेव्हा होत असे. काहीही असो, वॉर्पच्या पहिल्या ५०० तबकड्यांमागे याच योजनेतून आलेला पैसा होता, आणि मार्गारेट थॅचर यांच्या काळातील उद्योजकतेच्या धोरणातून असे काही निघेल याची कल्पना ते धोरण आखणाऱ्यांना असणे शक्य नव्हते.

वॉर्पचे तीन संस्थापक तीन प्रकारची कामे जाणणारे होते, असे म्हणण्यापेक्षा दोन बाजू जाणणारे होते असे म्हणणे जास्त बरोबर ठरेल. स्टीव्ह बेकेट आणि रॉब मिचेल हे दोघे गिटारच्या बँडमधून आलेले आणि शहरात तबकड्यांचे दुकान चालवणारे होते. तिसरा रॉबर्ट गॉर्डन हा ध्वनिअभियंता, आणि तो फॉन या स्टुडिओत काम करीत असे. हा स्टुडिओ चॅक नावाच्या स्थानिक बँडने मोठ्या कंपनीकडून मिळालेल्या आगाऊ रकमेतून उभारला होता. पैसे खर्चून टाकण्याऐवजी त्यांनी शहराला एक चांगला स्टुडिओ दिला, आणि त्याचा उपयोग पुढच्या अनेकांना झाला. वॉर्पचे दुकान डिव्हिजन स्ट्रीटवर होते आणि तेही आधी फॉनच्याच नावाने चालत असे.

दुकानाचे महत्त्व आजच्या वाचकाला सांगावे लागते, कारण आता नवे संगीत फोनवर येते. तेव्हा अमेरिकेहून आयात झालेल्या मोजक्या तबकड्या खोक्यांतून येत आणि डीजे मंडळी त्या दिवशी दुकानात हजर राहत. काउंटरमागचा माणूस एकेक तबकडी लावून दाखवी. कोणत्या तबकडीवर हात उंचावतात, कोणती परत खोक्यात जाते, हे तो डोळ्यांनी पाही. फोर्जमास्टर्समधील विन्स्टन हेझल हा या दुकानाशी जोडलेला होता आणि रात्री तोच डीजे पॅरट याच्याबरोबर ‘जाइव्ह टर्की’ नावाच्या नृत्यरात्री चालवत असे. तेथे गोरे व कृष्णवर्णीय तरुण एकत्र येत, आणि नाचणारे इतके कसलेले असत की चुकीची तबकडी लागली तर मैदान रिकामे होई. अशा रीतीने दुकान, स्टुडिओ आणि नृत्यमंच एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर होते आणि माणसेही पुष्कळशी तीच होती. लेबल ही या साखळीची शेवटची कडी. सोमवारी दुकानात जे विचारले जाते, ते शनिवारी मंचावर वाजलेले असते; मग ते आपणच का छापू नये, असा तो साधा व्यवहारी विचार होता.

नावाची हकिकतही तशीच साधी आहे. सुरुवातीला ‘वॉर्प्ड’ असे नाव ठरले होते, पण दूरध्वनीवर ते समोरच्याला नीट ऐकू येईना, म्हणून त्याचे ‘वॉर्प’ झाले. जांभळ्या रंगाची वेष्टणे शेफील्डच्याच डिझायनर्स रिपब्लिक या संस्थेने केली. कलावंताचा चेहरा कोठेही नाही, सर्व तबकड्यांना तोच जांभळा रंग आणि तेच चिन्ह, त्यामुळे दुकानाच्या दुसऱ्या टोकावरूनही वॉर्पची तबकडी ओळखू येई. ज्या संगीतात गायक नाही आणि करणाऱ्यांची नावे दर वेळी बदलतात, त्यात लोकांचा विश्वास लेबलवरच बसतो. या रंगाचा उपयोग त्यासाठी होता.

खर्ज तबकडीवर उतरवणे हे मात्र रंगाइतके सोपे नव्हते. तबकडीवरची खाच सुईला दोन्ही बाजूंना हलवते आणि त्या हलण्यातून आवाज निर्माण होतो. स्वर जितका खालचा आणि मोठा, तितकी सुई जास्त हलते आणि खाच रुंद होते. रुंद खाचा दाटीने बसवता येत नाहीत, त्यामुळे एका बाजूवर मावणारी मिनिटे कमी होतात; आणि डाव्या-उजव्या वाहिन्यांत खर्ज वेगवेगळा असेल तर सुई वरखाली होऊन उडीही मारू शकते. म्हणून खर्ज मधोमध, दोन्ही वाहिन्यांत सारखा ठेवतात. बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर एकच रचना घेऊन ती मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगाने फिरवली की जागा भरपूर मिळते आणि खाचेला हवे तितके हलता येते. नृत्यसंगीताने बारा इंची तबकडीला जवळ केले त्याचे हे खरे कारण आहे. गॉर्डन याची ख्याती नेमकी याच कामात होती. तबकडी कोरणाऱ्याला ‘एवढा खर्ज धोक्याचा आहे’ असे वाटेल त्या पातळीपर्यंत तो आवाज नेत असे, आणि वॉर्पच्या सुरुवातीच्या तबकड्यांचे वजन त्यात आहे.

दुसरी तबकडी लीड्सच्या नाइटमेअर्स ऑन वॅक्स या गटाची होती. त्यात जॉर्ज एव्हलिन आणि केव्हिन हार्पर हे दोघे होते. तिसरी स्वीट एक्झॉर्सिस्ट यांची. हा गट म्हणजे कॅबरे व्हॉल्टेअरचे रिचर्ड एच. कर्क आणि वर उल्लेख आलेला डीजे पॅरट. एकाच शहरातील इलेक्ट्रॉनिक संगीताच्या दोन पिढ्या या तबकडीवर भेटतात. रचनेचे नाव ‘टेस्टोन’. स्टुडिओतील यंत्रे जुळवताना एक सलग शुद्ध स्वर सोडतात, तंबोरा लावताना आपण एक स्वर धरून ठेवतो तसा. यंत्र ठीक करण्यापुरता असलेला हा स्वरच त्यांनी रचनेचा नायक केला. रचनेत एका अमेरिकन चित्रपटातील वाक्य ऐकू येते, त्यात ‘ते पाच स्वर वाजवा’ असे सांगितले जाते. तो चित्रपट स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’. हे पाच स्वर हजारो माणसे एकत्र गातात ते चित्रपटातील दृश्य १९७७ मध्ये खालापूरजवळच्या हाळ या गावी, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, चित्रित झाले होते. शेफील्डच्या नृत्यमंचावर हे वाक्य घुमत असताना त्या स्वरांचा एक धागा खंडाळ्याच्या घाटाच्या पायथ्याशी येऊन पोचतो, हे कळल्यापासून ती रचना मी वेगळ्या ओढीने ऐकतो.

या सगळ्यांत सर्वांत दूर गेली ती पाचव्या क्रमांकाची तबकडी. लीड्सच्या मार्क बेल आणि गेझ व्हार्ली यांच्या गटाचे नाव एलएफओ, आणि रचनेचेही नाव तेच. या तीन अक्षरांचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. कळफलकाच्या यंत्रात एक असा कंपक असतो की त्याची गती ऐकू येण्याच्या मर्यादेपेक्षाही कमी, सेकंदाला एक-दोन किंवा पाच-दहा कंपने, ठेवता येते. तो स्वतः ऐकू येत नाही. दुसऱ्या स्वराला झुलवण्यासाठी तो वापरतात. दरबारी कानड्यात गंधार आंदोलित होतो तेव्हा स्वर एक असतो आणि त्याला झुलवणारी गती वेगळी असते. ती गती म्हणजे एलएफओ, असे समजायला हरकत नाही. न ऐकू येणाऱ्या गोष्टीचे नाव या दोन तरुणांनी स्वतःला दिले, आणि त्यांच्या रचनेत एक यांत्रिक आवाज तेच नाव उच्चारतो. रचनेची कसोटी लीड्समधील वेअरहाउस या क्लबमध्ये लागली होती, आणि तबकडीवरील मुख्य आवृत्तीच्या नावातच त्या क्लबचा उल्लेख आहे. जुलै १९९० मध्ये ती ब्रिटनच्या विक्रीयादीत १२ व्या क्रमांकावर पोचली. त्याच उन्हाळ्यात वॉर्पचीच ‘ट्रिकी डिस्को’ ही लंडनच्या कलावंतांची तबकडी १४ व्या क्रमांकावर गेली.

जिच्यात गाणे नाही, चेहरा नाही आणि जिचा अर्धा भाग घरच्या रेडिओवर ऐकूही येत नाही, अशी तबकडी देशाच्या पहिल्या पंधरांत कशी येते? विक्रीयादी दुकानांतील विक्रीवरून ठरत असे, रेडिओवर काय वाजते यावरून नव्हे. देशभरच्या क्लबांत आठवडेन् आठवडे ती वाजली आणि नाचून घरी गेलेल्यांनी सोमवारी दुकान गाठले. मात्र ५०० प्रती उसन्या गाडीतून वाटता येतात, लाखाच्या घरातील मागणी तशी भागवता येत नाही. छपाईचे पैसे आधी द्यावे लागतात आणि विक्रीचे पैसे महिन्यांनी येतात. त्यामुळे छोट्या लेबलला यश अपयशाइतकेच संकटात टाकू शकते. वॉर्पने यासाठी लंडनच्या आउटर ऱ्हिदम या कंपनीशी छपाई व वितरणाचा करार केला होता, आणि त्या काळच्या तबकड्यांवर दोन्ही नावे दिसतात. अशा करारात खर्चाचे ओझे हलके होते, पण नफ्यातला वाटा आणि हिशेबावरची पकडही तितकीच हलकी होते. यशस्वी झालेल्या छोट्या लेबलांपैकी कितीतरी याच वळणावर बुडाली, वॉर्प तगले.

ब्लीपचा बहर मात्र फार टिकला नाही. १९९१ पर्यंत क्लबांतील वेग वाढला, हिप-हॉपच्या तुटक तालांवर आधारलेले हार्डकोर पुढे आले, आणि ब्लीपचा खर्ज त्या नव्या संगीताने उचलून पुढे जंगल व ड्रम अँड बेस या प्रकारांत नेला. रॉबर्ट गॉर्डन लेबलमधून बाहेर पडला. ज्याच्या कानामुळे पहिल्या तबकड्यांना तो आवाज मिळाला, त्याचे नाव वॉर्पच्या पुढच्या कौतुकात फार कमी वेळा घेतले गेले, आणि मला हे मनापासून खटकते. पोलादाची कथा पुन्हा पुन्हा सांगितली गेली आणि साउंड सिस्टिमची राहून गेली, हा त्याच विसरण्याचा दुसरा भाग आहे.

बेकेट आणि मिचेल यांनी १९९२ मध्ये ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ हा संग्रह काढला. नाचून थकलेल्यांनी घरी आरामखुर्चीत बसून ऐकावे असे हे इलेक्ट्रॉनिक संगीत होते, आणि वेष्टनावर खरोखरच आरामखुर्चीत झोपलेला यंत्रमानव होता. कॉर्नवॉलचा एफेक्स ट्विन, रॉचडेलचा ऑटेकर अशा दूरदूरच्या कलावंतांची नावे आता लेबलशी जोडली गेली, म्हणजे लेबल वाढले आणि प्रदेश मागे पडला. २००० मध्ये वॉर्प लंडनला गेले, आणि पुढच्याच वर्षी रॉब मिचेल यांचे कर्करोगाने निधन झाले. मार्क बेल पुढे ब्योर्क या गायिकेचा जवळचा सहकारी झाला आणि २०१४ मध्ये तोही गेला.

लीड्समध्ये इटल रॉकर्सचा मार्क मात्र पुन्हा रेगे आणि डबकडे वळला आणि त्याने ‘इरेशन स्टेपाज’ ही स्वतःची साउंड सिस्टिम उभी केली. अनेक वर्षे ती माणसाच्या उंचीपेक्षा मोठ्या ध्वनिक्षेपकांची रास घेऊन ब्रिटनभर आणि युरोपभर हिंडली. १९८९ च्या त्या पाचशे तबकड्यांत जो खर्ज कोरला गेला होता, तो ज्या पेट्यांसमोर उभे राहून शिकला गेला, त्याच जातीच्या पेट्या या आहेत.